फ्लूच्या विषाणूचे काटे आणि आपले जन्मसाल



गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीहून एका वाचक भगिनींचा फोन आला. त्यांच्या घरी आधी नातवाला फ्लू झाला, शाळेतून आणलेला. दोन दिवस तो तापाने फणफणला आणि तिसऱ्या दिवशी उठून नूडल्स मागू लागला. त्याच्या पाठोपाठ त्यांच्या यजमानांना झाला. यजमान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ते नऊ दिवस इस्पितळात होते, त्यांतले दोन दिवस ऑक्सिजनवर. रिपोर्टवर ‘इन्फ्लुएन्झा ए, एच३’ असे लिहिले होते. बाईंचा प्रश्न सरळ होता. “व्हायरस एकच ना हो? मग त्याला नुसता ताप आणि ह्यांना न्यूमोनिया, असं का? आणि फ्लूचा शॉट तर ह्यांनी ऑक्टोबरातच घेतला होता.”

“वय झालं, दुसरं काय,” असे उत्तर मी देऊ शकले असते. ते खोटे नाही. वाढत्या वयात शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते, आणि मधुमेह, हृदयविकार, दमा सोबतीला असतात. पण हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे विषाणूच्या अंगावरच्या काट्यांमध्ये आहे, आणि आपला जन्म कोणत्या साली झाला ह्यात आहे. ‘एच३’ ह्या दोन अक्षरांत बरेच काही सांगितलेले असते. ते वाचायला शिकलो तर यंदा फार्मसीत जाऊन नेमके काय मागायचे हेही कळेल.

फ्लूचा विषाणू डोळ्यांपुढे आणायचा तर कोकणातला फणस आठवा. बाहेरून सगळीकडे काटे, आत गरे. ह्या फणसात गरे मोजून आठ, म्हणजे जनुकांचे आठ तुकडे. आकार मात्र इतका लहान की असे दहा हजार फणस ओळीने मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. काटे दोन जातींचे असतात. पुष्कळसे उभ्या खुंटीसारखे, ते हिमॅग्लुटिनिन. त्यांच्यामध्ये विखुरलेले, छत्रीच्या आकाराचे थोडे, ते न्यूरामिनिडेज. दोन्ही प्रोटीनचेच बनलेले. नावे जड आहेत म्हणून सगळे जग पहिल्याला ‘एच’ आणि दुसऱ्याला ‘एन’ म्हणते. एच३एन२, एच१एन१, एच५एन१ ही नावे येतात ती इथून. आकडा म्हणजे काट्याचा प्रकार. फ्लूचा ‘बी’ नावाचा दुसरा गटही आहे, पण आज आपण ‘ए’बद्दलच बोलू.

हिमॅग्लुटिनिन म्हणजे रक्ताला चिकटवून गुठळ्या करणारे. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलरच्या प्रयोगशाळेत १९४१ साली जॉर्ज हर्स्ट ह्यांच्या लक्षात आले की फ्लूचा विषाणू कोंबडीच्या रक्ताच्या लाल पेशींना एकमेकींशी चिकटवतो. तेच चिकटणे आपल्या श्वासनलिकेत होते. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सायलिक ॲसिड नावाचा कण असतो. एच त्या कणाला पकडतो. पेशी विषाणूला एका पिशवीत घेऊन आत ओढते, पिशवीतल्या आंबटपणाने एच उलगडतो, आणि आतले आठ गरे पेशीत मोकळे होतात. मग पेशी स्वतःची कामे सोडून विषाणू तयार करू लागते.

तयार झालेले नवे विषाणू बाहेर पडतात तेव्हा त्याच साखरेच्या कणांना अडकून राहतात. इथे एन कामाला येतो. तो कात्रीसारखा ते धागे कापतो, आणि विषाणू पुढच्या पेशीकडे सुटतो. एच दार उघडणारा, एन दोर कापणारा. ही कात्री लक्षात ठेवा, औषधाची गोष्ट तिच्यापाशीच आहे.

आता आजार सौम्य की गंभीर हे काट्यांवर कसे ठरते ते पाहू. पहिली गोष्ट, एचची पकड. सायलिक ॲसिड साखळीला दोन तऱ्हांनी जोडलेले असते. माणसाच्या नाकात, घशात, मोठ्या श्वासनलिकेत एक तऱ्हा जास्त. पक्ष्यांच्या आतड्यांत दुसरी. ही दुसरी तऱ्हा माणसात अगदीच नसते असे नाही. ती फुप्फुसाच्या तळाशी, जिथे हवा रक्तात मिसळते तिथे सापडते, आणि डोळ्यांच्या पृष्ठभागावरही. त्यामुळे माणसाचा नेहमीचा फ्लू वरच्या भागात रुजतो. खोकला, शिंका, एकाचा दुसऱ्याला प्रसाद. पक्ष्यांचा फ्लू माणसात शिरायला कठीण, पण तो खोल फुप्फुसात रुजला तर न्यूमोनिया करतो.

ह्याचे उदाहरण आपल्याच देशात ताजे आहे. २०२४ साली टेक्सासमधल्या दुभत्या गाईंमध्ये पक्ष्यांचा एच५एन१ आढळला, आणि नंतर तो बऱ्याच राज्यांत पसरला. गोठ्यांत काम करणाऱ्या ज्या माणसांना त्याची लागण झाली, त्यांच्यात बहुतेकांना काय झाले? डोळे लाल झाले. पक्ष्यांच्या तऱ्हेची दारे डोळ्यांवर आहेत ना. पण जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानात एच५एन१ची लागण झालेला एक रुग्ण दगावला. वय पासष्टच्या वर, आधीचे आजार होते, परसातल्या कोंबड्यांशी आणि रानपक्ष्यांशी संबंध आलेला. ह्या देशातला एच५एन१चा तो पहिला मृत्यू. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक निष्कर्ष छापला होता. गाईंमधल्या ह्या विषाणूच्या एचमध्ये एकाच ठिकाणी, एकच अमिनो ॲसिड बदलले तर त्याची पकड पक्ष्यांच्या तऱ्हेवरून माणसांच्या तऱ्हेवर येऊ शकते. त्यांनी जिवंत विषाणू वापरला नव्हता, नुसते प्रोटीन तपासले होते. आणि साथ पसरायला पकड बदलणे एवढेच पुरत नाही. तरी सगळे लक्ष ठेवून आहेत ते ह्याचसाठी.

(दुधाबद्दल काहींनी विचारले होते म्हणून सांगते. पाश्चराइज केलेल्या दुधात हा विषाणू जिवंत राहत नाही. आरोग्याला चांगले म्हणून हल्ली काहीजण शेतावरचे कच्चे दूध आणतात, ते मात्र नको. आपल्या आया दूध उतू जाईपर्यंत तापवत, तेच बरे होते.)

दुसरी गोष्ट अशी. पेशीतून बाहेर पडलेला एच आधी अखंड असतो. त्याचे दोन तुकडे झाल्याशिवाय तो दार उघडूच शकत नाही, आणि ते तुकडे करणारी एन्झाइम्स आपली, आपल्या शरीरातली. नेहमीच्या फ्लूच्या एचला कापणारी एन्झाइम्स मुख्यतः श्वसनमार्गात असतात. म्हणून फ्लू छातीपर्यंत राहतो, यकृतात किंवा मेंदूत सहसा पसरत नाही. कोंबड्यांना मारणाऱ्या एच५ आणि एच७च्या काही जातींत मात्र कापायच्या जागी असा बदल झालेला असतो की शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक अवयवात सापडणारे एन्झाइम तो कापू शकते. मग विषाणू सगळ्या अंगात फिरतो आणि खुराडेच्या खुराडे एक-दोन दिवसांत संपते.

हे सगळे वाचून वाटेल की एक छोटासा काटा एवढे करू शकतो ह्याला पुरावा काय? पुरावा अलास्कात बर्फाखाली पुरलेला होता.

ब्रेव्हिग मिशन हे समुद्राकाठचे लहानसे गाव. नोव्हेंबर १९१८ मध्ये तिथे ऐंशी प्रौढ माणसे होती. १५ ते २० नोव्हेंबर ह्या पाच दिवसांत त्यांतली बहात्तर फ्लूने गेली. त्यांना एका टेकडीवर, कायम गोठलेल्या जमिनीत एकत्र पुरले. तीच साथ आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणून ओळखली गेली. वाचकांपैकी अनेकांनी तो शब्द आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आधी आजारी पडले. पावसाळा सरता सरता दुसरी, फार जबर लाट आली आणि कोकणापर्यंत गावोगाव पसरली. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून जास्त माणसे नेली. त्यात विशी ते चाळिशीतली धडधाकट माणसे फार होती, आणि तेच कोणाला उमजत नव्हते.

योहान हुल्टिन नावाचा स्वीडिश विद्यार्थी १९५१ साली आयोवा विद्यापीठातून ब्रेव्हिग मिशनला गेला. गावच्या वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन, शेकोट्या पेटवून जमीन वितळवत त्याने ती कबर उकरली. मृतांच्या फुप्फुसांचे नमुने आणले, पण प्रयोगशाळेत विषाणू काही जिवंत होईना. प्रयत्न फसला आणि तो पुढे वेगळ्याच कामाला लागला. सेहेचाळीस वर्षे गेली. १९९७ मध्ये त्याच्या वाचनात जेफरी टॉबेनबर्गर ह्यांचा लेख आला. वॉशिंग्टनच्या लष्करी पॅथॉलॉजी संस्थेत हे डॉक्टर १९१८ मध्ये मेलेल्या सैनिकांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांतून विषाणूची जनुके वाचायचा प्रयत्न करत होते. हुल्टिन तेव्हा बहात्तर वर्षांचे. त्यांनी पत्र लिहिले, स्वतःच्या खर्चाने पुन्हा अलास्काला गेले, आणि बायकोची बागेतली मोठी कात्री मागून सोबत घेतली. गावाने पुन्हा परवानगी दिली. सुमारे सात फूट खाली एका स्थूल स्त्रीचे शरीर मिळाले. अंगावरच्या चरबीने तिची फुप्फुसे इतकी वर्षे राखली होती. परत येण्याआधी हुल्टिननी त्या कबरीसाठी दोन नवे मोठे क्रूस स्वतःच्या हाताने तयार केले. मला ह्या सगळ्या कहाणीत ही गोष्ट सर्वांत जास्त आठवते. मृतांकडून काही घ्यावे लागले तर ते कसे घ्यावे, हे त्या माणसाला कळत होते.

त्या नमुन्यांतून १९९९ मध्ये ॲन रीड, टॉबेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९१८च्या एचचे जनुक पूर्ण वाचून छापले. २००५ पर्यंत आठही तुकडे वाचून झाले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय शाळेतल्या शास्त्रज्ञांनी ती जनुके तयार केली, आणि अटलांटात सीडीसीच्या बंदिस्त प्रयोगशाळेत टेरेन्स टम्पी ह्यांनी एकट्याने, इतर सगळे घरी गेल्यावर, तो विषाणू पुन्हा उभा केला. काम चालू असताना खबरदारी म्हणून ते स्वतः फ्लूचे औषध घेत होते.

मग उंदरांवर चाचणी झाली. १९१८चा विषाणू दिला तर उंदीर काही दिवसांत मेले. चार दिवसांनी त्यांच्या फुप्फुसांत साध्या फ्लूच्या तुलनेत एकोणचाळीस हजार पट विषाणू होते. त्यानंतर शास्त्रज्ञांनी एकच बदल केला. सात तुकडे १९१८चे तसेच ठेवले आणि फक्त एचचा तुकडा काढून त्याजागी १९९१ साली टेक्सासमध्ये मिळालेल्या साध्या फ्लूचा एच घातला. ह्या विषाणूने एकही उंदीर मेला नाही. उंदरांचे वजनसुद्धा फारसे घटले नाही.

माझ्या मते एवढा एक प्रयोग समजला तरी ह्या लेखाचे काम झाले. अर्थात सगळा दोष एकट्या एचचा नव्हता. विषाणूच्या प्रती काढणारी आतली जनुकेही त्या साथीत जबरदस्त होती, आणि प्रयोगशाळेत असे दिसले की १९१८चा एन हा एच कापला जाण्याच्या कामातही मदत करतो. शिवाय त्या काळी पुष्कळ माणसे शेवटी गेली ती फ्लूनंतर छातीत शिरलेल्या बॅक्टेरियाच्या न्यूमोनियाने. पेनिसिलिन तेव्हा नव्हते. म्हणूनच आज डॉक्टर फ्लूच्या शॉटबरोबर न्यूमोनियाच्या लशीचीही चौकशी करतात.

आता जन्मसालाकडे वळू.

मिशिगन विद्यापीठाचे थॉमस फ्रान्सिस ह्यांनी १९६० मध्ये एक गोष्ट मांडली. लहानपणी ज्या फ्लूशी आपली पहिली गाठ पडते, त्याच्या काट्यांची आठवण शरीर जन्मभर ठेवते. पुढे दुसरा कोणताही फ्लू आला तरी शरीर आधी जुन्याच ओळखीची प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, तयार करायला धावते. फ्रान्सिस ह्यांनी ह्याला गमतीने ‘मूळ पापा’चे नाव दिले. ती कल्पना ख्रिस्ती धर्मातली, आपल्यात नाही, आणि मला ती इथे बसतही नाही, कारण पहिली आठवण कधी घात करते तर कधी जीव वाचवते. हल्लीचे शास्त्रज्ञ ‘ठसा’ म्हणतात, ते बरे.

कोणाचा ठसा कोणता? १९१८पासून १९५७पर्यंत जगात माणसांमध्ये एच१ फिरत होता. १९५७च्या एशियन फ्लूबरोबर एच२ आला. मुंबईत त्या वर्षी शाळेत असलेल्यांना तो आठवत असेल. १९६८ मध्ये हाँगकाँग फ्लूबरोबर एच३ आला आणि तो आजही आहे. एच१ मध्येच नाहीसा झाला होता, तो १९७७ मध्ये परतला. म्हणजे तुमचा जन्म १९५७च्या आधीचा असेल तर तुमचा पहिला ठसा जवळजवळ नक्कीच एच१चा. १९५७ ते १९६८च्या दरम्यानचा असेल तर बहुधा एच२चा. त्यानंतरच्यांचा बराचसा एच३चा.

हे काटे एकमेकांचे नातलगही आहेत. एच१, एच२ आणि एच५ हे एका घराण्यातले. एच३ आणि एच७ दुसऱ्या घराण्यातले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या आणि ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये पक्ष्यांच्या फ्लूच्या रुग्णांची जन्मसाले तपासली. एच५एन१ने गंभीर आजारी पडलेले बहुतेक १९६८नंतर जन्मलेले निघाले, आणि चीनमधल्या एच७एन९चे बहुतेक त्याआधी जन्मलेले. लहानपणी त्याच घराण्यातल्या काट्याशी ओळख झालेली असेल तर गंभीर आजारापासून सुमारे ७५ टक्के आणि मृत्यूपासून सुमारे ८० टक्के संरक्षण मिळते, असा त्यांचा हिशेब आहे. १९१८ मध्ये तरुण माणसेच का गेली ह्याचेही एक कारण असेच सुचवले जाते. त्यांच्या बालपणी वेगळ्याच घराण्यातला फ्लू फिरत असावा.

आपण हे २००९ मध्ये पाहिले. स्वाइन फ्लू म्हणून जो एच१एन१ आला, तो पुण्यात काय किंवा इथे काय, तरुणांना जास्त झाला. सीडीसीने रक्ताचे जुने नमुने तपासले तेव्हा साठीपुढच्या सुमारे एक-तृतीयांश लोकांत त्या नव्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे आधीच होती. लहानपणची ती जुनी ओळख कामी आली.

पण नाण्याची दुसरी बाजू आपल्याच वाट्याला येते. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या आपल्याला एच३ हा परका. ज्या हिवाळ्यात एच३एन२चा जोर असतो, त्या हिवाळ्यात इस्पितळे आपल्या वयाच्या माणसांनी भरतात. २०१७-१८चा हिवाळा तसाच होता. सीडीसीच्या अंदाजाने ह्या देशात फ्लूने पन्नास हजारांहून जास्त माणसे गेली, आणि त्यांत बहुसंख्य पासष्टच्या पुढची होती.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. ठसा म्हणजे कवच नव्हे. लुइझियानातला तो रुग्ण पासष्टच्या वरचा होता, म्हणजे त्याचा ठसा एच१ किंवा एच२चा असणार, एच५च्याच घराण्यातला. तरी तो वाचला नाही. तेव्हा “माझा जन्म पंचेचाळीसचा, मला बर्ड फ्लूची भीती नाही,” असे कोणी म्हणू नये.

आता न्यू जर्सीच्या बाईंचा दुसरा प्रश्न, शॉट घेऊनही असे का झाले? लस शरीराला मुख्यतः एचची ओळख करून देते. पण एच दरवर्षी थोडाथोडा बदलतो, आणि एच३ तर सर्वांत चलाख. १९६८पासून त्याने आपल्या अंगावर साखरेचे नवे नवे पुंजके चढवले आहेत, पदराआड तोंड लपवावे तसे, म्हणजे प्रतिपिंडांना चेहरा दिसू नये. त्यात आणखी एक भानगड. बहुतेक लशींचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, आणि अंड्यात वाढताना एच अंड्याला सोयीचा होतो. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या स्कॉट हेन्स्ली ह्यांच्या गटाने दाखवले की बाहेर फिरणाऱ्या एच३एन२वर साखरेचा एक नवा पुंजका होता, आणि अंड्यात वाढवलेल्या लशीतल्या एचवर तो उरलाच नव्हता. म्हणजे पोलिसांना चोराचा फोटो दिला, पण दाढी काढलेला.

त्यावर उपाय निघाले आहेत. ह्या देशात २०२२पासून पासष्ट आणि त्यापुढच्यांसाठी तीन प्रकारच्या लशींना प्राधान्य द्यावे अशी शिफारस झाली. फ्लूझोन हाय-डोसमध्ये प्रत्येक जातीचा एच साध्या शॉटच्या चौपट, म्हणजे १५ मायक्रोग्रॅमऐवजी ६० असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पासष्टच्या वरच्या सुमारे बत्तीस हजार लोकांमध्ये, साध्या शॉटच्या तुलनेत हा घेतलेल्यांना फ्लू सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाला. फ्लूब्लॉकमध्ये एच तिप्पट असतो आणि तो अंड्यात नव्हे, कीटकांच्या पेशींत तयार करतात. त्यामुळे अंड्याने होणारा बदल त्यात येत नाही. तिसरी फ्लूॲड. तिच्यात एचचे प्रमाण नेहमीचेच, पण प्रतिकारशक्तीला ढोसणारे स्क्वालीनचे तेल मिसळलेले असते.

ते तेल माशाच्या यकृतातून काढतात, आणि तो मासा म्हणजे मुशी. हे वाचून आपल्यातल्या काहीजणींच्या कपाळावर आठी पडेल. पर आहेत पण खाण्याजोगे खवले नाहीत. इंजेक्शन म्हणजे खाणे नव्हे, आणि जीव वाचवण्यापुढे, पिकुआख नेफेशपुढे, हे आडवे येत नाही असे रब्बी सांगतात. तरी मनाला लागत असेल तर बाकीच्या दोन आहेतच. फार्मसीत जी हजर असेल ती घ्या. तिन्हींपैकी एकही नसेल तर साधा शॉट घ्या, पण घेतल्याशिवाय परत येऊ नका.

बाईंनी मग कागद काढून पाहिला. यजमानांनी घेतलेला शॉट साधा होता. वाटेतल्या एका दुकानात घाईने घेतलेला, आणि त्यांनी विचारले नाही, देणाऱ्यानेही सांगितले नाही. हाय-डोस घेतला असता तर फ्लू झालाच नसता असे मी म्हणणार नाही. शक्यता कमी झाली असती, एवढेच. आणि साध्या शॉटनेही काही ना काही मदत केली असेलच. लस घेतलेल्यांना फ्लू झाला तरी तो बहुतेक वेळा कमी तीव्र असतो.

आता कात्रीची गोष्ट. टॅमिफ्लू हे औषध एनच्या कात्रीच्या पात्यांत जाऊन बसते. कात्री चालेनाशी झाली की नवे विषाणू पेशीलाच चिकटून राहतात आणि पुढे पसरू शकत नाहीत. पण आधीच पसरलेल्यांना हे औषध परत बोलावू शकत नाही. म्हणून ते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाले तर सर्वांत चांगले. इथेच आपण चुकतो. दोन दिवस आल्याचा काढा, एक दिवस टायलेनॉल, मग मुलीला फोन, मग शब्बाथ संपल्यावर डॉक्टर. तोवर चार दिवस गेलेले असतात. उशीर झाला तरी आजार गंभीर असेल किंवा इस्पितळात ठेवले असेल तर डॉक्टर हे औषध देतातच, पण पहिल्या दिवशीची गोळी ती पहिल्या दिवशीची. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, डोस कमी करावा लागतो.

उतारवयात फ्लू नेहमी चढत्या तापाने येत नाही. कधी ताप नसतोच. माणूस नुसता गळून जातो, जेवत नाही, बोलण्यात गोंधळतो, चालताना तोल जातो. घरात दुसऱ्या कोणाला फ्लू असेल आणि असे काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, माणूस ओळखेनासा होणे, ह्यांतले काहीही दिसले तर थेट ९११. हृदयविकार असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एका अभ्यासात, २०१८ साली छापलेल्या, असे आढळले की फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट ॲटॅकचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट होते. छातीत दुखले तर ते खोकल्याचे म्हणून सोडू नका.

शॉट कधी घ्यायचा? प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि वाढत्या वयात ती लवकर ओसरतात, म्हणून जुलै-ऑगस्टची घाई नको. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने योग्य. आपल्या हिशेबाने नव्याच्या सणाच्या आसपास. दारफळणीच्या उपासाच्या आदल्या दिवशी मात्र टाळावा, दंड दुखतो आणि कधी किरकिरा ताप येतो, उपासात त्याची भर नको. मेडिकेअर पार्ट बीमध्ये फ्लूचा शॉट पूर्ण मोफत आहे, हाय-डोसही. फार्मसीच्या खिडकीशी इंग्रजीत एवढेच म्हणायचे, “सिक्स्टी-फाइव्ह प्लस फ्लू शॉट.” सुई टोचण्याआधी खोक्यावरचे नाव वाचून घ्यायचे, आणि घरी येऊन ते तारखेसह वहीत लिहून ठेवायचे.

न्यू जर्सीच्या यजमानांनी यंदा स्वतः दोन दुकानांत फोन करून विचारले. पहिल्या दुकानात हाय-डोस संपलेला होता, दुसऱ्यात मिळाला. बाईंनी स्वतःचाही घेतला, आणि नातवालाही त्याच्या डॉक्टरांकडे नेऊन दिला.